मदत हवी आहे: लाओसचं गुप्त युद्ध (१९७०) आणि आजोबांच्या वहीतली एक ओळ

नमस्कार मंडळी,

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर खोली रिकामी करायची म्हणून पोटमाळा उपसला, तर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा सैन्यात सिग्नल्सला होते. १९६९-७०मध्ये ते लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानला, आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगाच्या कामावर होते. घरात कोणी विचारलं तर "शांततेच्या कामाला गेलो होतो" एवढंच सांगायचे.

ट्रंकेत एक पदक आहे. एका बाजूला भारत, कॅनडा आणि पोलंडचे झेंडे आणि वर कबुतर, मागे इंडोचायनाचा नकाशा. सोबत एक वही. छप्पर गळायचं, त्यामुळे अर्धी पानं एकमेकांना चिकटली आहेत. जी सुटली त्यांत ड्यूटीच्या वेळा, घरून आलेल्या पत्रांच्या तारखा, पाऊस. मार्च १९७०च्या एका पानावर मात्र "लाँग चेंग" असं लिहून त्याभोवती दोनदा गोल केलाय. शाई पार मागच्या पानावर उमटली आहे. खाली दोनच वाक्यं: "वार्ताहर चालत गेला. आम्ही इथेच."

त्या दोन वाक्यांसाठी मी गेले दोन महिने मिळेल ते वाचतेय. जुळतंय ते असं. १९६२च्या जिनिव्हा करारात १४ देशांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. परदेशी सैन्य तिथे असायचं नाही, आणि ते नाही ना हे बघायला आयोग, अध्यक्षपद भारताकडे. प्रत्यक्षात उत्तर व्हिएतनामचं सैन्य लाओसमधून निघालंच नाही. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंग डोंगरी लोकांची फौज उभी केली. तिला रसद पोचवायची एअर अमेरिका, म्हणजे कागदोपत्री खाजगी विमान कंपनी. या सगळ्याचं ठाणं लाँग चेंगच्या दरीत. हजारोंची वस्ती आणि धावपट्टी, पण बाहेरच्या माणसाला बंदी.

फेब्रुवारी १९७०मध्ये अमेरिकनांनी पत्रकारांना जवळच्या सॅम थोंगला नेलं होतं. टी. डी. ऑलमन हा तरुण अमेरिकन वार्ताहर आणि आणखी दोघे त्या गटातून निसटले आणि डोंगरवाटेने पायी निघाले. ऑलमन लाँग चेंगमध्ये पोचला. एकामागून एक उतरणारी विमानं आणि साध्या कपड्यांतले अमेरिकन त्याने स्वतः पाहिले, पकडला गेला, आणि सुटल्यावर छापलं. ६ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना लाओसबद्दल जाहीर निवेदन करावं लागलं. आजोबांची नोंद त्याच महिन्यातली आहे. तो वार्ताहर ऑलमनच असणार असं मला वाटतं.

मला छळतंय ते "आम्ही इथेच". ज्यांचं कामच जाऊन बघायचं होतं ते व्हिएंतियानमध्ये बसून, आणि एक माणूस बूट घालून चालत जातो. आजोबांना तेव्हा काय वाटलं असेल? आयोगाला जाता येत नव्हतं, की कोणी जाऊ दिलं नाही? आयोगाचे अहवाल कुठे बघायला मिळतील?

आणखी एक. यावर मराठीत लेख लिहायचा आहे आणि पहिल्याच शब्दाला अडले आहे. आपली वर्तमानपत्रं 'छुपे युद्ध' लिहितात, पण त्यात दोन गोष्टी एक होतात: जगापासून लपवलेलं युद्ध आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून केलेलं युद्ध. लाओसमध्ये दोन्ही होतं. ज्यांचे खांदे वापरले त्या ह्मोंगांचं काय झालं ते वाचून झोप लागत नाही, म्हणून हा फरक पुसला जाऊ नये असं वाटतं. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १ (जुना_सिग्नलवाला)

ताई, आधी वहीबद्दल. चिकटलेली पानं ओढू नका, उन्हातही ठेवू नका. कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

आता आयोग. १९६२च्या व्यवस्थेत आयोगाला लाओस सरकारच्या संमतीने काम करायचं होतं. वांग पाओ हा त्याच सरकारच्या सैन्याचा दुसऱ्या लष्करी विभागाचा सेनापती. संमती कोण देणार? पाथेट लाओ, म्हणजे लाओसचे कम्युनिस्ट, तेही आपल्या भागात आयोगाला फिरकू देत नव्हते. त्यात भारत, कॅनडा, पोलंड या तिघांचं एकमत होणं मुश्कील. आणि प्रवास सोपा नव्हता. ऑक्टोबर १९६५मध्ये व्हिएंतियानहून हनोईला निघालेलं आयोगाचं विमान १३ जणांसह बेपत्ता झालं, त्यात आपलेही लोक होते. तुमचे आजोबा बसून राहिले असं कृपया म्हणू नका.

आयोग ब्रिटन आणि सोव्हिएत युनियन या दोन सहअध्यक्षांना अहवाल द्यायचा. ब्रिटनने ते संसदेसमोर ठेवून छापले आहेत, त्या मालिकेत शोधा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही बघा. आजोबांची सेवा-नोंद जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्सकडे मागता येईल, वारस म्हणून अर्ज करा.

प्रतिसाद २ (शब्दवेडी)

लपवलेल्याला 'गुप्त युद्ध' आणि दुसऱ्यातर्फे लढलेल्याला 'परहस्ते युद्ध' असं केलं तर? 'परहस्ते' आपल्या कानाला ओळखीचं आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. 'परहस्ते युद्ध' घेतलंच. दादा, तुमचं वाक्य वाचून वही परत उघडली. त्या नोंदीच्या पुढच्या ओळीवर काहीतरी खोडलंय, "परवानगी" एवढं वाचता येतंय. फोटो खाजगी निरोपाने पाठवते, पुढचं अक्षर तुम्हाला लागतंय का बघा. शनिवारी फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन मार्च १९७०ची वर्तमानपत्रं मागणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर कळवा.