दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): दिवाळीपूर्वी बैठकीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी मांडण्याचा विचार आहे. दुकानदाराने एंजल, टायगर बार्ब, गप्पी, दोन गोल्डफिश आणि काच साफ करण्यासाठी एक सकर असा संच सुचवला आहे. घरी बोअरचे पाणी येते आणि भांड्यांवर त्याचा पांढरा थर बसतो. हे मासे एकत्र नांदतील का, आणि नसल्यास कोणते घ्यावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: हा संच कृपया घेऊ नये. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो, त्यामुळे एंजल आणि गप्पी दोघांचेही हाल होतील. शिवाय एंजल मोठा झाला की लहान गप्पी त्याच्या तोंडात सहज मावतो. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा असून घाणही फार करतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा सकर पुढे फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो. आपल्या टाकीत रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता जेमतेम पंचेचाळीस लिटर पाणी राहील. त्यात सहा नर गप्पी आणि आठ झेब्रा डॅनिओ पुरेत. निऑन टेट्रा कितीही मोहक वाटला तरी तो मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे; आपल्या बोअरच्या पाण्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.

उत्तर २: निऑनबाबत सहमत आहे, परंतु गप्पी आणि झेब्रा यांची जोडी मला पटत नाही. झेब्रा अतिशय चपळ असतो आणि गप्पीच्या झुपकेदार शेपटीला टोचत राहतो. त्याऐवजी आखूड पंखांचा प्लॅटी घ्यावा. त्याला क्षारयुक्त पाणी मानवते. फक्त नर आणावेत, अन्यथा साधारण दर महिन्याला पिल्ले होतील आणि ती कोणाला द्यायची हा प्रश्न पडेल. झेब्रा उडी मारतो, म्हणून झाकण हवेच.

ग्वाल्हेरात माशांच्या स्वभावाइतकाच हवामानाचा विचार करावा लागतो. जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. एवढ्याशा पाण्यात हे चढउतार मोठ्या टाकीपेक्षा फार लवकर जाणवतात. हिवाळ्यात पन्नास वॉटचा हीटर चोवीस अंशांवर ठेवावा. उन्हाळ्याचा बंदोबस्त अधिक अवघड आहे, कारण पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. झाकणाऐवजी जाळी बसवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. लू वाहत असते तेव्हा हवा कोरडी असल्याने हा उपाय चांगला चालतो, पावसाळ्यात मात्र फारसा नाही. अशा वेळी रोज पाणी आटते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, बोअरच्या नव्हे.

प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. प्लॅटी आणि झेब्रा हेच घेईन. तळाशी पडणारे अन्न खाण्यासाठी कोरीडोरस ठेवला तर चालेल का?

उत्तर ३: कोरीडोरस कळपात राहणारा मासा आहे, किमान सहा ठेवावे लागतात आणि त्यांना बारीक वाळू लागते. आपल्या टाकीत तेवढी जागा उरणार नाही. अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकले, तर तळासाठी वेगळा मासा लागत नाही.

दिवाळीची घाई मात्र टाळावी. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. ते रुजण्यापूर्वी एकदम चौदा मासे सोडल्यास पहिल्या पंधरवड्यातच ते मरू लागतील. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज मिळाला, तर हा काळ पुष्कळ कमी होतो. दिवाळीत व्हॅलिसनेरियाची रोपे लावून टाकी सुरू करावी. ती वनस्पती क्षारयुक्त पाण्यात छान वाढते. नंतर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर आधी झेब्रा आणि दोन आठवड्यांनी प्लॅटी आणावेत.