जुन्या १२१० ट्रकची उजवी किंगपिन जाम, निघून नाही राहिली. सल्ला द्या

कपाशीवाला_आर्णी
नमस्कार मंडळी. बाबांची १९६८ ची टाटा-मर्सिडीज १२१० आहे, समोरच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेली. आमच्या भागातला कापूस जिनिंगला नेण्यात तिची जिंदगी गेली. आता कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे. दसऱ्याच्या पूजेला ती स्वतःच्या चाकांवर अंगणात यावी, एवढंच मनात आहे. समोरचा एक्सल खोलला. डावी किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती खुंटी) सहज निघाली. उजवी बीमच्या (एक्सलच्या आडव्या दांड्याच्या) डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, अशी जाम आहे की हालतच नाही. ठोकून ठोकून वरचं डोकं पसरलं. बजेट पाच हजार. प्रेस नाही. बीम मूळचाच ठेवायचा आहे.

टिप्पर_वणी
भाऊ, पोर्टेबल हायड्रॉलिक प्रेस घ्या. मी घेतला, कोळशाच्या गाड्यांच्या पिना त्यानंच काढतो. बीम गाडीखालून काढायचंही काम नाही. लई मस्त वस्तू आहे.

कपाशीवाला_आर्णी
दादा, बजेट पाच हजार आहे, वर लिहिलं न.

टिप्पर_वणी
एकदा घेतला की पोरांच्याही कामी येते. बजेट वाढवा.

घनवाला_दर्यापूर
प्रेस कायले पायजे? गॅसनं डोळा लालबुंद करा अन् मोठा घन मारा. आमचा मिस्त्री असाच काढते.

जुना_फोरमन
डोळा लाल करू नका. हा बीम घडवलेल्या पोलादाचा असतो आणि त्याला उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. लाल केला की त्या जागची ताकद जाते, आणि इंजिनासकट पुढचा सगळा भार त्यावरच असतो. शेकायचंच असेल तर हलकं शेका, तेही वरखालच्या टोप्या आणि ग्रीस निप्पल काढूनच. बंद पोकळीत ग्रीस तापलं की ते दाबानं बाहेर उडतं.

दुसरं म्हणजे घन थेट पिनेवर मारू नका. पिनेचं वरचं कवच कडक असतं, त्याची ठिकरी उडते. एका वर्कशॉपात हेल्परच्या दंडात ठिकरी घुसलेली मी पाहिली आहे. मधे पितळी दांडा धरा, डोळ्यांना चष्मा लावा. पसरलेलं डोकं आधी ग्राइंडरनं उतरवा, नाहीतर मोकळी पिनसुद्धा अडेल.

आता मुख्य प्रश्न. कॉटर, म्हणजे पिनेला आडवी अडवणारी पाचर, पूर्ण निघाली आहे का?

घनवाला_दर्यापूर
आमच्या मिस्त्रीनं काढलेल्या गाड्या आजही चालून राहिल्या.

स्टेपनी_पुसद
१९६८ म्हणजे मर्सिडीजसोबतच्या कराराचीच. १९५४ ला सुरू झाला, १९६९ ला संपला, मग तारा गेला. अशी गाडी ठेवलीत, आनंद वाटला. व्हिंटेज म्हणून नोंदवा, ५० वर्षं झाली की होते.

खामगावकर
२०२१ च्या व्हिंटेजच्या नियमात दुचाकी आणि चारचाकी म्हटलंय. मालवाहू ट्रक त्यात कसा बसेल?

स्टेपनी_पुसद
आरटीओत विचारायला काय हरकत आहे?

खामगावकर
विचारा. पण ते पिनेचं विचारून राहिले, कागदाचं नाही.

कपाशीवाला_आर्णी
फोरमनकाका, कॉटर पूर्ण निघाली. नट सैल करून आट्यांच्या बाजूनं ठोकली. भोकातून पिनेची खाच स्वच्छ दिसते.

जुना_फोरमन
उत्तम. बरेच जण कॉटर जाड बाजूनं ठोकतात, ती आणखी रुतते. आता त्याच भोकातून तेल सोडा, ते थेट डोळ्याच्या मधोमध पोहोचतं. वरून ओतलेलं तिथवर जात नाही. डिझेलमध्ये गिअरचं पातळ तेल मिसळलं तरी चालेल. रोज थोडं सोडा, दोन्ही टोकांना हलके टोले द्या. गंज एका दिवसात चढलेला नाही.

भंगारशोधक_अकोला
एवढी मेहनत कायले? भंगारातून आख्खा एक्सल घ्या, हब-ड्रमसकट. मी तसाच बसवला, एक नंबर चालते.

पाटेवाला_मूर्तिजापूर
गॅस लावा भाऊ. हलका शेक आणि टोला. आणि टोप्या काढायला विसरू नका.

खामगावकर
हेच फोरमननी वर लिहिलंय.

कपाशीवाला_आर्णी
दुसरा एक्सल नको. बाबांनी ज्या बीमवर गाडी चालवली तोच राहील.

काका, तेल सोडतोय, टोलेही देतोय, अजून सरकली नाही. पिनेचं कवच कडक म्हणता, मग आतला गाभा मऊ असेल न? आतून भोक पाडलं तर?

जुना_फोरमन
गाभा तुलनेनं मऊ असतो, हे खरं. पण तो शेवटचा उपाय. हातड्रिल थोडं जरी तिरकं गेलं तरी डोळा खराब, मग नवी पिन घट्ट बसणार नाही. अजून धीर धरा.

टिप्पर_वणी
मी म्हणतो प्रेस घ्या. निदान वणीला आणा गाडी.

कपाशीवाला_आर्णी
गाडी चाकांवर नाही, आणू कशी? सगळ्यांचं ऐकलं, आता ठरवलं. आज यू-बोल्ट सोडून बीम खाली घेतला. उद्या तो एकटाच पिकअपमध्ये टाकून यवतमाळला रेडियल ड्रिलवाल्याकडे (सरळ भोक पाडणारं मोठं बसतं मशीन) नेतो. मजुरी बजेटमध्ये बसते, फोनवर बोललो. घन नाही, गॅस नाही, प्रेस नाही.

जुना_फोरमन
मी अजून थांबलो असतो, पण हातड्रिलपेक्षा हे कितीतरी बरं. त्यांना सांगा, आधी पिनेचं कडक तोंड ग्राइंडरनं घासा. मग छोट्या भोकापासून टप्प्याटप्प्यानं वाढवा आणि सगळीकडून पातळ भिंत शिल्लक ठेवा. डोळ्याला ड्रिल लागता कामा नये. शेवटी आतून करवतीच्या पात्यानं उभी फट पाडली की भिंत आत दबते आणि पिन सुटते. नवे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बसवल्यावर वरचा-खालचा एका रेषेत रीम करून, म्हणजे आतून कोरून मापात, घ्या, नाहीतर स्टेअरिंग जड होईल.

आणि बीम काढलाय, तर गाडी कशावर उभी आहे?

कपाशीवाला_आर्णी
दोन जॅकवर.

जुना_फोरमन
आजच चासीखाली बाभळीचे मोठे ठोकळे लावा, मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांनाही ओट लावा. पावसानं जमीन भुसभुशीत आहे. ठोकळ्याखाली फरशी टाका, मगच बीम घेऊन निघा.

कपाशीवाला_आर्णी
लावतो काका. पोट्ट्यांना हाक मारली.