ओलांड बेटं: फिनलंडमध्ये असून स्वीडिश, हा कारभार चालतो कसा?

सागरनकाशा

फिनलंडचं तुर्कू ते स्वीडनचं स्टॉकहोम या जहाजांच्या वेळापत्रकात मध्यरात्रीच्या पुढेमागे ओलांडचा एक थांबा असतो. काही मिनिटांचाच. चढणारे-उतरणारे मोजके, तरी तो चुकत नाही. त्यामागचं कारण हवं आहे. शिवाय, हा प्रदेश फिनलंडचा, भाषा मात्र फक्त स्वीडिश, मग कायदे कोणाचे चालतात? आणि बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, हे कितपत खरं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

उत्तरवारा

आधी नाव. मराठीत 'आलंड', 'आलँड' असं काहीही छापलं जातं, पण उच्चार 'ओलांड' आहे. पहिल्या अक्षरावर बारीक वर्तुळ असतं. त्याच अक्षराच्या जागी दोन टिंबांचा 'ओ' आला की ते स्वीडनचं, काल्मारजवळचं वेगळंच बेट होतं. नकाशावर शोधताना निम्म्या चुका इथेच होतात.

जागा म्हणाल तर बोथनियाच्या आखाताचं तोंड. पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटर उघडा समुद्र ओलांडला की स्वीडन. पूर्वेला मात्र बेटांची रांग जवळजवळ तुटतच नाही, थेट फिनलंडच्या किनाऱ्यापर्यंत जाते. अगदी लहान खडक सोडले तरी ६,७०० च्या आसपास बेटं, पण वस्ती साठ-पासष्ट बेटांवरच. लोकसंख्या साधारण ३०,०००. त्यातले दहातले नऊ जण 'फास्ता ओलांड' या मुख्य बेटावर राहतात, आणि राजधानी मारीएहाम्नमध्ये एकूण लोकसंख्येचा मोठा हिस्सा आहे. हे शहर १८६१ चं. नाव रशियन सम्राज्ञी मारिया अलेक्झांद्रोव्नावरून.

खडक लालसर ग्रॅनाइटचा, माती पातळ. सर्वांत उंच जागा ओर्रडाल्सक्लिंट, १२९ मीटर. पण खरी गंमत उंचीत नाही, उंची वाढण्यात आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या भाराने दबलेली जमीन अजून वर येते आहे, वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर. म्हणजे शंभर वर्षांत अर्धा मीटर. जुनी होडीघरं पाण्यापासून लांब पडतात, उथळ खाडीचं आधी तळं आणि मग कुरण होतं, धक्के पुढे सरकवावे लागतात. सपाट किनाऱ्यावर अर्धा मीटर म्हणजे पाणी बरंच मागे हटतं.

कलम_उपकलम

कायद्याचं बघू. १८०९ पर्यंत ही बेटं स्वीडनची, मग फिनलंडबरोबर रशियाकडे गेली. १८५४ मध्ये ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने इथला रशियाचा बोमार्सुंडचा किल्ला फोडला आणि १८५६ च्या तहात इथे तटबंदी नको असं ठरलं. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा बेटवासीयांना स्वीडनमध्ये जायचं होतं. १९२० चा स्वायत्ततेचा कायदा त्यांनी धुडकावला. राष्ट्रसंघाने जून १९२१ मध्ये निवाडा दिला: सार्वभौमत्व फिनलंडचं, पण स्वीडिश भाषा, जमीन आणि स्थानिक चालीरीती यांच्या संरक्षणाची हमी फिनलंडने द्यायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निर्लष्करी आणि तटस्थ दर्जाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ९ जून १९२२ ला पहिली विधानसभा भरली. तो दिवस आजही स्वायत्तता दिन म्हणून पाळतात.

आजचा कायदा १९९१ चा, लागू १९९३ पासून. विधानसभा म्हणजे लागटिंग, ३० सदस्य, दर चार वर्षांनी निवडणूक. सरकारच्या प्रमुखाला लान्ट्रोद म्हणतात. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, पोलीस, टपाल, नगरपालिका, उद्योगांना चालना हे विषय लागटिंगचे. परराष्ट्र धोरण, न्यायालयं, बहुतेक दिवाणी-फौजदारी कायदा आणि राज्याचे कर हे हेलसिंकीचे.

लागटिंगने कायदा केला की तो न्याय मंत्रालय आणि ओलांड प्रतिनिधिमंडळ, म्हणजे दोन्ही बाजूंची संयुक्त समिती, यांच्याकडे जातो. शंका असेल तर सर्वोच्च न्यायालयाचं मत घेतात. राष्ट्राध्यक्षांना तो पूर्ण किंवा अंशतः रद्द करायला चार महिने, आणि कारणं दोनच: अधिकारकक्षा ओलांडली, किंवा देशाच्या सुरक्षेला बाधा येते. कायदा आवडला नाही हे कारण चालत नाही. अडचण येते ती मिश्र विषयांत. एकाच विधेयकात अर्धा भाग पर्यावरणाचा आणि अर्धा फौजदारी शिक्षेचा असला की नेमकी ती कलमं गळतात आणि उरलेला कायदा लंगडा होतो. म्हणून हद्दीचा प्रश्न मसुदा लिहितानाच सोडवावा लागतो.

आणि सगळ्यात पक्का खिळा हा: स्वायत्ततेचा कायदा बदलायचा तर फिनलंडच्या संसदेत घटनादुरुस्तीची पद्धत लागते आणि लागटिंगमध्ये दोन तृतीयांश मतं. एकटी संसद काहीच बदलू शकत नाही. फिनलंडच्या २०० खासदारांत ओलांडचा एकच आहे, त्यामुळे या खिळ्याशिवाय बाकी सगळं ढिलं पडलं असतं.

धक्क्यावरचा

आता थांब्याचं उत्तर. ओलांड १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला, पण स्वतंत्र कौल घेऊन. स्वीडनच्या सार्वमताचा निकाल लागल्यावर आठवड्याने, २० नोव्हेंबर १९९४ ला, इथे ७३.६ टक्के मतं 'हो'ची पडली. प्रवेशाच्या करारातल्या खास प्रोटोकॉलमुळे ओलांड जकातीच्या दृष्टीने संघात आहे, पण व्हॅट आणि उत्पादनशुल्काच्या हद्दीबाहेर. १ जुलै १९९९ ला संघांतर्गत प्रवासातली करमुक्त विक्री बंद झाली. मात्र वाटेत ओलांडला टेकलेलं जहाज करहद्दीबाहेर जाऊन आलेलं असतं, म्हणून त्यावरचं दुकान चालू राहतं. दारू, तंबाखू, अत्तरांच्या त्या विक्रीवर प्रवासी जहाजांचं गणित उभं आहे, म्हणून मारीएहाम्नला किंवा लोंगनेस या ओलांडच्याच दुसऱ्या धक्क्याला दोर टाकावाच लागतो. वायकिंग लाइन या जहाज कंपनीचं मुख्यालय मारीएहाम्नमध्ये आहे आणि जहाजवाहतूक हा इथला कणा.

या सवलतीची किंमतही मोजावी लागते, ती सहसा कोणी सांगत नाही. तुर्कूहून मारीएहाम्नला पाठवलेला माल करसीमा ओलांडतो. एकच देश, पण कागदपत्रं आयातीची. विक्रेत्याने व्हॅटशिवाय बिल करायचं, माल बाहेर गेल्याचा पुरावा ठेवायचा. घेणाऱ्याने घोषणापत्र भरून आयातीवरचा व्हॅट द्यायचा, तोही फिनलंडच्याच दराने. चूक नेहमीची: विक्रेता सवयीने व्हॅट लावतो, ग्राहक सीमेवर पुन्हा भरतो, आणि परतावा मागत बसावं लागतं. छोट्या दुकानांना हे फार जाचतं.

शेती कमी, पण फिनलंडच्या सफरचंदांपैकी बहुतांश इथली. पातळ मातीतही मोठा उन्हाळी प्रकाश आणि समुद्रामुळे लांबलेला शरद ऋतू कामी येतो. १९८४ पासून टपालाची तिकिटंही स्वतःची आहेत. सरकारी तिजोरीचं सूत्र असं की कर हेलसिंकी गोळा करतं आणि राज्याच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा परत देतं. कायद्यात तो आधी ०.४५ टक्के होता.

सागरनकाशा

फार छान. जमिनीचं राहिलं.

कलम_उपकलम

हो, तो शब्द 'हेमबिग्द्सरेत', म्हणजे स्थानिक अधिवासाचा हक्क. तो असेल तर लागटिंगला मत, जमिनीची मालकी आणि स्वतंत्र व्यवसाय. नसेल तर जमिनीसाठी आणि धंद्यासाठी ओलांड सरकारकडे वेगळी परवानगी मागावी लागते. भाड्याने राहायला आडकाठी नाही. मिळवायच्या अटी: फिनिश नागरिकत्व, सलग पाच वर्षं वास्तव्य आणि पुरेसं स्वीडिश. आई किंवा वडिलांकडे असेल तर मुलाला जन्मतः.

इथे एक फटका बसतो. तरुण शिकायला स्वीडनला जातात, तिथेच नोकरी धरतात, आणि पाच वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की हक्क जातो. परतल्यावर अर्ज पुन्हा. हक्क असलेले, वयाच्या बारा वर्षांच्या आत ओलांडवर आलेले पुरुष फिनलंडच्या सक्तीच्या सैन्यसेवेतून सुटतात. त्यामुळे हक्क केव्हा मिळाला याइतकंच ओलांडवर केव्हा आलात, हेही त्या बाबतीत तपासलं जातं.