दूरचित्रवाणीवरील उत्तम क्रीडासमालोचक कोणाला म्हणावे?

प्रश्न – दादरकर

नमस्कार. २०२३ साली आयपीएलचे सामने मराठी समालोचनासह पाहण्याची सोय झाली, तेव्हापासून आमच्या घरी एक वाद नेहमी रंगतो. वडिलांचे कान बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील धावत्या वर्णनावर तयार झालेले असल्यामुळे समालोचक क्षणभर थांबला तरी त्यांना चुकल्यासारखे वाटते; मला मात्र डोळ्यांना दिसते तेच पुन्हा ऐकावे लागले की कंटाळा येतो. आवाज, भाषा, खेळाचे ज्ञान आणि निःपक्षपातीपणा यांपैकी कोणत्या गुणामुळे दूरचित्रवाणीचा समालोचक मोठा ठरतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – गिरगाववासी

आपल्या वडिलांची अपेक्षा आकाशवाणीपुरती अगदी रास्त आहे, कारण तिथे समालोचक थांबला की श्रोत्यापुढचे मैदानच नाहीसे होते. दूरचित्रवाणीवर मैदान समोर असते, म्हणून चित्रात जे नाही त्याचीच भर घालायची, एरवी गप्प राहायचे, हे तत्त्व ऑस्ट्रेलियाचे क्रिकेट समालोचक रिची बेनॉ यांनी अखेरपर्यंत पाळले. अमेरिकेतील बेसबॉलचे समालोचक विन स्कली यांचेही उदाहरण देण्याजोगे आहे. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे तिथल्या अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात दोन्ही पायांना दुखापत झालेल्या कर्क गिब्सनने अखेरच्या डावात विजयी होमरन मारल्यावर स्कली एक मिनिटाहून अधिक काळ काहीही बोलले नाहीत, आणि प्रेक्षकांचा जल्लोष तेवढा ऐकू येत राहिला. २ एप्रिल २०११ रोजी आपल्या वानखेडेवर धोनीने कुलसेकराला विजयी षटकार मारला, तेव्हा रवी शास्त्री यांनीही मोजक्याच शब्दांत तो फटका आणि २८ वर्षांनी आलेला विश्वचषक या दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती वाक्ये अनेकांना आजही तोंडपाठ आहेत.

उत्तर २ – प्रभादेवीचा कबड्डीप्रेमी

मौनाचे महत्त्व मान्य आहे. परंतु वरील सर्व उदाहरणे दोन चेंडूंच्या मध्ये उसंत मिळणाऱ्या खेळांची आहेत. प्रो कबड्डीतील चढाई जेमतेम ३० सेकंदांची असते आणि एक संपताच दुसरी सुरू होते, त्यामुळे तिथे काय बोलावे याइतकेच ते केव्हा बोलावे हेही महत्त्वाचे ठरते. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला प्रेक्षकाला दिसतो, पण त्या वेळी मैदानात किमान सहा बचावपटू नसतील तर बोनस गुण मिळत नाही, आणि ती संख्या घरी बसलेल्या माणसाच्या लक्षात राहिलेली नसते. तसेच, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. ही माहिती चढाई सुरू होण्यापूर्वी मिळाली तर पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो, नंतर मिळाली तर ती निव्वळ नोंद ठरते. म्हणून मी खेळाच्या ज्ञानाला पहिला मान देईन, आणि त्यानंतर भाषेला. चढाई, पकड, लोण, कोपरारक्षक हे शब्द आपल्या मैदानांवर वर्षानुवर्षे रुळलेले असताना मराठी समालोचनात त्यांच्या जागी इंग्रजी शब्द ऐकू आले की मनापासून वाईट वाटते.

उत्तर ३ – मुलुंडकर

निःपक्षपातीपणाबद्दल अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न येथे बरोबरी साधण्यासाठी न्यूझीलंडला अखेरच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या, तेव्हा षटकार मारताच येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या सांगण्यावरून त्यांचे बंधू ट्रेव्हर यांनी चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला. बेनॉ स्वतः ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार होते आणि ऑस्ट्रेलियन वाहिनीवर आपल्याच देशाच्या प्रेक्षकांशी बोलत होते, तरीही त्यांनी त्या कृतीचा त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत निषेध केला. एरवी मितभाषी असलेल्या माणसाचे कठोर बोल असल्यामुळेच त्यांना वजन आले, असे मला वाटते. प्रत्येक चेंडूला ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याच्या रागावर कोण विश्वास ठेवील? चांगल्या आवाजाचा लाभ होतो खरा, पण माझ्या यादीत तो शेवटी येतो.