पहिली फिल्म स्टार मेरी पिकफर्ड नव्हे
मूकपटांच्या काळातली नटी मेरी पिकफर्ड हिला पहिली फिल्म स्टार म्हटलं जातं, पण माझ्या मते तो मान त्याच काळातल्या फ्लॉरेन्स लॉरेन्सचा. मूळची कॅनडातल्या हॅमिल्टनची. ती काम करायची ती बायोग्राफ ही अमेरिकन फिल्म कंपनी तेव्हा नटांची नावंच द्यायची नाही, नाव झालं की पगार वाढवून मागतील ना, म्हणून लोक तिला नुसतं 'बायोग्राफ गर्ल' म्हणायचे (मेरीला हे बिरुद नंतर मिळालं). मग कार्ल लेमले या दुसऱ्या निर्मात्याने तिला आपल्याकडे ओढलं आणि १९१० मध्ये ती ट्रामखाली गेली अशी आवई उठली, लगेच लेमलेची पेपरात जाहिरात की सगळं खोटं, बाई ठणठणीत आहेत, आणि तिला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात नेऊन लोकांसमोर उभं केलं, तिथे ही तोबा गर्दी! आवई त्यानेच उठवली असणार, दुसरं कोण.

पुढे शूटिंगच्या आगीत भाजली आणि करिअर बसलं ते बसलंच. गाड्यांचं वेड इतकं की वळताना दाखवायचा सिग्नलचा हात स्वतः बनवला, पण पेटंट काही घेतलं नाही. १९३० च्या दशकात एमजीएम स्टुडिओमध्ये किरकोळ रोल करायची, १९३८ मध्ये विष घेतलं. थडग्यावर नावाचा दगड बसला तो थेट १९९१ साली.