क्यूएमूमधला गेस्ट जुन्या आय३ वर चालेल का, हे घरीच कसं तपासू?

आर्णीकर_लॅबवाला:
राम राम मंडळी. आमच्या इकडच्या कॉलेजची लॅब मीच पाहतो. मशिनी सगळ्या सेकंड जनरेशन आय३, डेबियन १२ लिनक्स, व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूएमू, केव्हीएमसकट (लिनक्समधली सोय, तिनं गेस्ट थेट खऱ्या चिपवर चालते). गेस्ट, म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन, घरी बनवतो, फोर्थ जनरेशन आय५ लॅपटॉपवर, ‘-सीपीयू होस्ट’ देऊन, म्हणजे गेस्टला लॅपटॉपचाच सीपीयू दिसते. मग फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बसलो येष्टीत.

घरी मस्त चालणारा रॉकी १० (हेही लिनक्सच) लॅबमध्ये बूट होतानाच ‘सीपीयूला एक्स८६-६४-व्ही३ जमत नाही’ म्हणून आडवा होते (व्ही२, व्ही३ म्हणजे सीपीयूला कोणत्या इन्स्ट्रक्शन जमतात त्याच्या पातळ्या). डेबियनचा गेस्ट सुरू होते, पण पोरांच्या प्रोजेक्टच्या मेकफाइलमध्ये ‘मार्च=नेटिव्ह’ आहे (ज्या चिपवर कंपाईल केलं तिच्यासाठीच प्रोग्राम बनवा, असं), तो प्रोग्राम ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. कारण समजते मले. हॅसवेलमध्ये, म्हणजे माझ्या आय५ मध्ये, एव्हीएक्स२ हा व्ही३ मधला इन्स्ट्रक्शन संच आहे, सँडी ब्रिजमध्ये, म्हणजे लॅबच्या आय३ मध्ये, नाही. पण दुपारी लाइन गेली का तिकडं तपासणं बोंबलते. घरीच पक्कं कसं करू? आन् क्यूएमूले ‘सँडीब्रिज’ हे सीपीयूचं मॉडेल दिलं तर ते पूर्ण लागलं का क्यूएमूनं गुपचूप काही गाळलं, हे कुठं दिसते?

टर्मिनल_वर्धा:
गाळतो, भाऊ. मागितलेलं फीचर होस्टकडे, म्हणजे खऱ्या मशिनीकडे, नसलं तर क्यूएमू इशाऱ्याची एक ओळ टाकून गेस्ट तसाच सुरू करतो. व्हर्ट-मॅनेजर (क्यूएमू खिडकीतून चालवायचं साधन) वापरणाऱ्यांना ती ओळ दिसतसुद्धा नाही, लॉगमध्ये पडून राहते. म्हणून ‘-सीपीयू सँडीब्रिज,एन्फोर्स’ द्या. एकही फीचर कमी पडलं तर गेस्ट सुरूच होणार नाही.

गेस्टच्या आत ‘एलडी.एसओ --हेल्प’ चालवा. शेवटी व्ही२, व्ही३ च्या ओळी येतात, जी पातळी चालते तिच्यापुढे ‘सपोर्टेड’ लिहिलेलं असतं. आणि रॉकी १० चा नाद सोडा. त्याला व्ही३ लागतंच. रॉकी ९ व्ही२ वर चालतो. दहाच पाहिजे असेल तर अल्मालिनक्स १० ची व्ही२ साठी वेगळी बिल्ड मिळते.

आर्णीकर_लॅबवाला:
घरी एन्फोर्स लावून चालला. लॅबमध्ये नाही! ‘होस्ट डझन्ट सपोर्ट… एईएस, बिट २५’. सँडी ब्रिजवर सँडी ब्रिज कायले नाही म्हणून राहिला बापा?

जुना_सिसॅडमिन:
कारण क्यूएमूच्या ‘सँडीब्रिज’ मॉडेलमध्ये एईएस (एन्क्रिप्शनच्या इन्स्ट्रक्शन) धरलेलं आहे आणि इंटेलनं सेकंड जनरेशन आय३ मध्ये ते दिलंच नव्हतं, आय५-आय७ ला दिलं. त्या काळच्या पेंटियम-सेलेरॉनला तर एव्हीएक्सही नाही. तेव्हा ‘सँडीब्रिज,-एईएस,एन्फोर्स’ द्या, नाहीतर सरळ ‘नेहालेम’ हे त्याहून जुनं मॉडेल. त्यात एईएस नाही, व्ही२ पूर्ण आहे. कोणतं मॉडेल कोणत्या मशिनीवर चालेल याची यादी ‘व्हर्श डोमकॅपॅबिलिटीज’ ही कमांड देते, ‘यूजेबल’ हो की नाही एवढंच बघायचं.

आता खरी गोम. केव्हीएममध्ये मॉडेल बदललं की गेस्टला दिसणारी सीपीयूआयडीची (चिपला ‘तुझ्यात काय काय आहे’ विचारण्याची इन्स्ट्रक्शन) उत्तरं बदलतात, पण चिप हॅसवेलच राहते. ‘होस्ट’वर कंपाईल केलेली तुमची जुनी बायनरी घरी ‘सँडीब्रिज’ देऊनही बिनबोभाट चालेल, कारण एव्हीएक्स२ च्या इन्स्ट्रक्शनला केव्हीएम अडवत नाही. तेवढ्या चाचणीपुरतं ‘-एक्सेल टीसीजी’ लावा, म्हणजे केव्हीएमऐवजी क्यूएमू स्वतः सॉफ्टवेअरनं सीपीयूची नक्कल करतो. डेबियन १२ मधल्या क्यूएमू ७.२ पासून टीसीजीला एव्हीएक्स२ येतं, आणि मॉडेलमध्ये नसेल तर तो ती इन्स्ट्रक्शन नाकारतो. हळू चालेल, चालू द्या. तिथं एन्फोर्स मात्र काढा, सँडी ब्रिजची काही फीचर टीसीजीकडे नाहीत, अडून बसेल.

पॉवरवाला_नागपूर:
थोडं विषयांतर. आमच्या पॉवर (आयबीएमच्या चिपच्या) मशिनींवर हे काम सोपं आहे. क्यूएमूच्या ‘पीसिरीज’ या पॉवरसाठीच्या मशीनला ‘मॅक्स-सीपीयू-कॉम्पॅट=पॉवर८’ दिलं की पॉवर९ वरचा गेस्ट बूट होताना पॉवर८ च्या मोडवर ठरतो. आत ‘प्रोक/सीपीयूइन्फो’ पाहिलं की ‘पॉवर८ (आर्किटेक्टेड)’. ‘रॉ’ दिसलं तर कॉम्पॅट मोड लागला नाही. एक्स८६ मध्ये असा एकच शब्द पाहून भागत नाही.

आर्णीकर_लॅबवाला:
टीसीजीवर जुनी बायनरी लॅबसारखीच मेली, घरबसल्या. मेकफाइलमधलं ‘नेटिव्ह’ काढून ‘एक्स८६-६४-व्ही२’ टाकलं, आता चालते. पोरांच्या बाकीच्या मेकफाइली तपासून राहिलो. त्यांनी ‘नेटिव्ह’ कुठून कॉपी केलं कोण जाणे, सगळ्यांच्यात एकाच ओळीवर आहे.