पाऊस तेवढाच, मग विहीर शिवरात्रीलाच का तळ गाठते?

बांधकरी (औसा तालुका, लातूर):
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतो. वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी साडेआठला माप घेऊन वहीत लिहीत राहिले. ते गेल्यावर मी लिहितो. परवा सगळ्या वर्षांच्या बेरजा मांडल्या. 2023 सारखी वर्षं सोडली, तर पाऊस फारसा घटलेला नाही. मग 55 फुटांची विहीर, जी अक्षय्य तृतीयेपर्यंत साथ द्यायची, ती आता शिवरात्रीलाच तळ का दाखवते? गाळ काढला, आडवे बोअर मारले, खर्च मातीत. कृपा करून ‘हवामान बदल’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका.

मुरूमखडक:
दादा, वर्षाची बेरीज सोडा, पावसाचे दिवस मोजा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा 2017 मधला अभ्यास सांगतो की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान सुमारे तिप्पट झाल्या. आता तुमच्या खालची जमीन बघा. काळा पाषाण. त्याच्या पोटात वाळूसारखं पाणी मावत नाही. मावतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि तिथं ते मुरतं सावकाश. काळी माती एकदा भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात. मग वरून कितीही ओता, ओढ्यालाच जाणार. आठवडाभराची झड विहिरीला पुरते, एका रात्रीचा पाऊस पुलाला पुरतो.

बांधकरी:
मोजले. आधीच्या वह्यांत ‘दिवसभर रिमझिम’ हे शब्द पानोपानी आहेत. अलीकडं एका रात्रीत 110 मिलिमीटर आणि पुढं तीन आठवडे कोरडं, असंच. तलाठी 65 च्या वर गेलं की अतिवृष्टी धरतो, पंचनामा होतो. खंड पडला की कुणी फिरकत नाही.

मुरूमखडक:
एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे साधारण 4,000 लिटर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात 5 लाख लिटर होतं. त्या तुमच्या एका रात्रीत सव्वा एकरावर तेवढं पडून वाहून गेलं!

उसाला_नको:
सगळं आभाळावर ढकलू नका राव. विहिरीच्या आसपास बोअर किती? राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई आहे, पण गाडी रात्री येते न्‌ पहाटे जाते. खोल बोअर वरच्या मुरमातलं पाणी खाली ओढून घेतो. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर बंद केले आणि ऊस लावायचा नाही ठरवलं. तिथं दरवर्षी पाण्याचा हिशोब आधी होतो, पीक मग ठरतं. अहिल्यानगरच्या (आधीच्या अहमदनगरच्या) त्या भागात पाऊस तुमच्यापेक्षा कमीच.

बांधकरी:
सात. भावकीतलेच. एक माझा, 380 फूट. तो मारला तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. आता तोही फेब्रुवारीत हवा ओकतो. त्यात ओढ्याचं पाणी सोडलं तर जमेल का?

मुरूमखडक:
जमेल, पण गढूळ पाणी थेट सोडलंत तर भेगा कायमच्या बुजतील. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपाभोवती, खड्डा घ्या, खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि दरवर्षी वाळू बदला. शेतातल्या फवाऱ्याच्या औषधाचं पाणी त्यात जाता कामा नये. आणि पर्जन्यमापकाशेजारी विहिरीची पातळीही लिहा. टेपाला दगड बांधला तरी चालतो.

बांधकरी:
आज 31 फुटांवर पाणी लागलं. भावकीला रविवारी बोलावलंय, सातांपैकी किती जण येतात बघू.